उत्तरपत्रिकेत न सापडणारा विवेक

आपल्या देशातील वैद्यकीय महाविद्यालयांतून आणि रुग्णालयांतून गेली काही वर्षे एक नवी प्रथा रुजली आहे. डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, शिकाऊ विद्यार्थी यांच्या हाती एक छापील प्रश्नावली ठेवली जाते. जैवनीतिशास्त्राविषयी त्यांना किती माहिती आहे आणि त्यांची नैतिक वृत्ती कशी आहे, हे तिच्यावरून ठरवले जाते. 'सहमत', 'असहमत', 'सांगता येत नाही' अशा चौकटींत खुणा करायच्या. त्या खुणांची बेरीज व्हायची. बेरजेची टक्केवारी निघायची आणि टक्केवारीवरून निष्कर्ष. निष्कर्षही बहुधा ठरलेलाच असतो. आरोग्यसेवकांचे नीतिविषयक ज्ञान अपुरे असून त्यांच्यासाठी कार्यशाळा भरवणे गरजेचे आहे! कार्यशाळा भरते, चहापान होते, प्रमाणपत्रे वाटली जातात. रुग्ण मात्र होता तिथेच, खाटेवर किंवा खाटेखालच्या सतरंजीवर, पडून असतो.

या प्रथेविरुद्ध दोन शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते. आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांना हा विषय परका नाही. परिचारिका झालेली लेक, सून, बहीण किंवा मावशी आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. 'सिस्टर' हा एकच शब्द आपण व्रतस्थ भगिनीलाही लावतो आणि वॉर्डातल्या परिचारिकेलाही. हा निव्वळ भाषेचा योगायोग नव्हे. म्हणूनच तिच्या विवेकाचे मोजमाप कोण करतो, कोणत्या मापाने करतो, आणि त्या मापातच काही खोट आहे का, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

मोजमापाची रीत

या सर्वेक्षणांची एक वंशावळ आहे. २००६ साली वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावरच्या एका रुग्णालयातील डॉक्टर व परिचारिका यांची नीती आणि कायदा यांविषयीची पाहणी प्रसिद्ध झाली. त्या पाहणीत ११ टक्के डॉक्टरांना हिपोक्रेटिसच्या शपथेतील मजकूर ठाऊक नव्हता, पाव हिस्सा परिचारिकांना त्यांच्या स्वतःच्या आचारसंहितेची माहिती नव्हती, आणि न्यूरेंबर्ग व हेलसिंकी येथील संहिता तर अगदी मोजक्यांनाच माहीत होत्या. ती पाहणी प्रामाणिक होती, तिचा हेतूही चांगला होता. पुढे तिचीच प्रश्नावली थोड्याफार फरकाने आपल्याकडे ठिकठिकाणी वापरली गेली आणि आजही वापरली जाते.

आता हीच प्रश्नावली घेऊन नागपूर जिल्ह्यातील कुही तालुक्यात जाऊ. एका बाजूला वैनगंगा, दुसऱ्या बाजूला नागपूरचा रस्ता. मध्ये धानाची, सोयाबीनची, मिरचीची शेते आणि गोसेखुर्द धरणाच्या पाण्यामुळे जुनी गावठाणे सोडून पुनर्वसनाच्या वसाहतींत येऊन राहिलेली कुटुंबे. सरकारी निकषाप्रमाणे सपाट मुलखात पाच हजार वस्तीमागे एक उपकेंद्र आणि हजार वस्तीमागे एक आशाताई असते. उपकेंद्रातल्या नर्सबाईला विचारा, 'न्यूरेंबर्ग संहिता कोणत्या साली झाली?' ती गोंधळेल. 'स्वायत्ततेचे तत्त्व म्हणजे काय?' ती बहुधा गप्प राहील. तिच्या नावापुढे शून्य पडेल आणि अहवालात तिची गणना 'अनभिज्ञ' या सदरात होईल.

परंतु हीच बाई, सुनेच्या पोटातले तिसरे बाळ ठेवायचे की नाही याचा निकाल सासू परस्पर देऊ लागते तेव्हा सासूला उंबऱ्याबाहेर थांबवते आणि सुनेला एकटीला विचारते, 'बाई, तुला काय वाटते?' वस्तीतल्या क्षयरोग्याच्या गोळ्या ती पिशवीच्या तळाशी ठेवते, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिसू नयेत. लस टोचण्याआधी बाळाच्या आईला ती सांगते की रात्री ताप येईल, घाबरायचे नाही. स्वायत्तता, गोपनीयता, समजून-उमजून दिलेली संमती ही तीनही तत्त्वे इथे जिवंत आहेत. त्यांची पुस्तकी नावे तेवढी तिला ठाऊक नाहीत. प्रत्येक नर्सबाई अशीच वागते असे मी म्हणत नाही. खेकसणाऱ्या, गरीब बाईला केसपेपर फेकून देणाऱ्याही आहेत. माझा मुद्दा एवढाच की, या दोघींमधला फरक ती प्रश्नावली दाखवू शकत नाही. जे माप सोने आणि पितळ एकाच वजनाचे दाखवते, ते सराफाच्या दुकानात कोणी ठेवील काय?

ज्ञान होते, विवेक नव्हता

सर्वेक्षणकर्ते म्हणतील, ज्ञान आधी, आचरण मागाहून. ज्याला नियमच माहीत नाही तो पाळील कसा? वरवर पाहता हे म्हणणे बिनतोड आहे. पण आपल्या महाराष्ट्राचाच अनुभव काय सांगतो ते पाहू.

गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ साली आला, तो २००३ साली अधिक कडक झाला. ही माहिती सोनोग्राफीचे यंत्र बाळगणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला आहे. तिचा फलक त्याच्याच भिंतीवर टांगलेला असतो. तरीही सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या या राज्यात २००१ च्या जनगणनेत ९१३ होती आणि २०११ च्या जनगणनेत ती ८९४ वर आली. कायदा वाढला, ज्ञान वाढले, फलक वाढले. आणि मुली घटल्या. २०१२ साली परळी वैजनाथ येथे बेकायदा गर्भपातात एका विवाहितेचा जीव गेला आणि त्या प्रकरणी २०१९ साली डॉक्टर दांपत्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. २०१७ साली सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळ येथे ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या हजारो स्त्रियांची गर्भाशये तरुण वयातच काढली गेल्याचे २०१९ साली सरकारनेच नेमलेल्या समितीपुढे आले. पाळीच्या दिवसांत खाडा पडला की मजुरी बुडते, म्हणून पिशवीच काढून टाकलेली बरी, हा सल्ला त्या बायांना मिळत होता आणि शस्त्रक्रिया करणारे हात सुशिक्षितांचे होते.

या साऱ्यांना आपण ती प्रश्नावली दिली असती तर काय झाले असते? माझी खात्री आहे की त्यांतल्या बहुतेकांनी शंभरापैकी नव्वद गुण मिळवले असते. 'कायदा माहीत आहे काय?' होय. 'रुग्णाची संमती घ्यावी काय?' अवश्य. संमतीपत्रावर तर त्या बायांचे अंगठेही असतील! गुन्हा घडला तो ज्ञानाच्या अभावी नव्हे. ज्ञान होते, त्याची विक्री झाली. पुस्तकातून नीती शिकवता येते, पण पैशाचे बंडल समोर आले असता ती टिकते की नाही, हे पुस्तकाला सांगता येत नाही.

'बरोबर' उत्तर कोणी ठरवले?

याहून गंभीर आक्षेप पुढे आहे, आणि श्रद्धावंत वाचकांनी त्याकडे विशेष लक्ष द्यावे अशी विनंती आहे.

या घाटाच्या प्रश्नावल्यांत एक विधान बहुधा आढळते: कायद्याने गर्भपाताला मुभा असेल तर डॉक्टरला तो करण्यास नकार देता येणार नाही. खाली सहमत, असहमत. आता कुही असो की वसई, एखाद्या कॅथोलिक परिचारिकेने इथे कोणती खूण करावी? ती आपल्या श्रद्धेला जागून 'असहमत' लिहील, तर तिची वृत्ती प्रतिकूल ठरण्याची शक्यता आहे. म्हणजे माहिती तपासण्याच्या नावाखाली इथे मत तपासले जाते आणि एका विशिष्ट मताला आधीच 'योग्य' असा शिक्का मारलेला असतो. इतिहासाचे सन पाठ आहेत का, हा ज्ञानाचा प्रश्न झाला; न जन्मलेल्या जिवावर शस्त्र चालवावे का, हा तसा प्रश्न नाही. दोहोंना एकाच चौकटीत बसवणे हा शास्त्राचा अपमान आहे आणि अंतःकरणाचाही.

हा आक्षेप काल्पनिक नाही. भारतीय वैद्यक परिषदेने २००२ साली केलेल्या आचारनियमांत असे स्पष्ट म्हटले आहे की, वैद्यकीय कारण असताना केवळ धार्मिक कारणावरून डॉक्टरने गर्भपातास किंवा संततिनियमनाच्या उपायांस नकार देऊ नये. २०२३ साली नवे नियम निघाले, पण थोड्याच दिवसांत त्यांना स्थगिती मिळाली आणि २००२ चे नियम पुन्हा लागू झाले. हे नियम डॉक्टरांसाठी आहेत. परिचारिकेपाशी तर डॉक्टरइतकेही बळ नसते. उलट, पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ सालच्या 'एव्हांजेलियुम विते' या विश्वपत्रात, निष्पाप जिवाचा घात करण्यास नकार देणे हे केवळ कर्तव्य नसून मूलभूत मानवी हक्कही आहे, आणि तसा नकार देणाऱ्याला शिक्षा होता कामा नये, असे शिकवले आहे. या दोन दगडांच्या मधोमध आपल्या मुली उभ्या आहेत. त्यांच्या अडचणीची नोंद घेणारा एकही रकाना त्या प्रश्नावलीत नाही.

इथे न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हा नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर अशी बाई असते, जी रक्तस्रावाने तळमळत दवाखान्याच्या दारात येते आणि डॉक्टर धर्माचे कारण सांगून आत निघून जातो. ही भीती खोटी नाही. म्हणून नकाराचा हक्क मागणाऱ्याने एक गोष्ट गाठीला बांधावी: नकार त्या कृत्याला द्यायचा, त्या स्त्रीला नव्हे. गर्भपातानंतर गुंतागुंत होऊन आलेल्या बाईची शुश्रूषा करायला कोणतीही सदसद्विवेकबुद्धी मनाई करीत नाही. उलट तिच्याजवळ बसायला भाग पाडते. जिचा विवेक केवळ 'मी हे करणार नाही' एवढेच म्हणतो आणि 'मग मी काय करीन' हे सांगत नाही, तिचा विवेक अर्धाच घडला आहे.

के. ई. एम. मधील परिचारिकांची उत्तरपत्रिका

आरोग्यसेवकांच्या नैतिक वृत्तीची खरी परीक्षा कशी असते हे पाहायचे असेल, तर मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाकडे वळावे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर रुग्णालयाच्या एका कर्मचाऱ्याने पाशवी अत्याचार केला. गळ्याभोवती साखळी आवळली गेल्याने मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचा मृत्यू झाला. मधल्या ४१ वर्षांहून अधिक काळात परिचारिकांच्या कितीतरी पिढ्या त्या वॉर्डात आल्या आणि निवृत्त झाल्या. ज्यांनी अरुणाताईंना कधी चालता-बोलताना पाहिलेही नव्हते, अशा मुलींनी त्यांना भरवले, पुसले, कूस बदलून निजवले. इतकी वर्षे अंथरुणात राहूनही त्यांच्या अंगाला शय्याव्रण होऊ दिले नाहीत, याची प्रशंसा सर्वोच्च न्यायालयाने केली.

लेखिका पिंकी विराणी यांनी अरुणाताईंचे कृत्रिम पोषण थांबवावे म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने ती फेटाळली. अरुणाताईंच्या खऱ्या आप्त या परिचारिकाच आहेत, विराणी नव्हेत, असे न्यायालयाने म्हटले. आणि त्याच निकालात ठराविक अटींवर निष्क्रिय दयामरणाची वाटही मोकळी केली. विराणी यांचा हेतू क्रूर होता असे कोणी म्हणू नये. एका स्त्रीच्या वाट्याला आलेल्या असह्य अवस्थेविषयी त्यांनाही कळवळाच होता. पण परिचारिकांचे उत्तर निराळे होते: ती आमची आहे, आम्ही तिची काळजी घेऊ. त्यांच्यातल्या कितीजणींना जैवनीतिशास्त्राची चार तत्त्वे ओळीने सांगता आली असती? कोणी विचारले नाही, हेच बरे झाले.

तरीही आपल्यातल्या काहींचा जो गैरसमज आहे तो इथेच दूर केला पाहिजे. काहीही करून, कोणत्याही किमतीला, यंत्रांच्या जोरावर श्वास चालू ठेवावा, अशी ख्रिस्तसभेची शिकवण नाही. पोप पायस बारावे यांनी १९५७ साली भूलतज्ज्ञांपुढे बोलताना सामान्य आणि असामान्य उपायांत फरक केला होता. रुग्णाला व कुटुंबाला न पेलणारे असामान्य उपाय करण्याचे बंधन नाही, असे त्यांनी सांगितले. अन्नपाणी, स्वच्छता, वेदनाशमन आणि सोबत हे मात्र उपचार नव्हेत, ते देणे आहे. म्हणून ते नाकारता येत नाही. २०२० सालच्या 'समारितानुस बोनुस' या पत्रातही ख्रिस्तसभेने हेच पुन्हा सांगितले. अरुणाताईंना यंत्राने जिवंत ठेवलेले नव्हते. त्यांना भरवले जात होते.

आणि आता पुन्हा कुहीकडे पाहा. तिथला म्हातारा नागपूरच्या मेडिकलमध्ये वा एखाद्या खासगी इस्पितळात आठ दिवस राहतो. घरचे शेवटचे दागिने मोडतात. नवव्या दिवशी मुलगा कागदावर सही करतो, 'रुग्णास स्वेच्छेने घरी नेत आहोत'. ती स्वेच्छा नसते, संपलेला पैसा असतो. दयामरणावर 'सहमत की असहमत' असे विचारणाऱ्या प्रश्नावलीत या मुलासाठी कोणती चौकट आहे? असामान्य उपायांचे ओझे नाकारणे वेगळे आणि साध्या उपायांना गरीब माणूस मुकणे वेगळे. पहिल्यात नीती आहे, दुसऱ्यात समाजाचे पाप आहे. हा भेद ओळखणारी नर्सबाई त्या मुलाला अपराधी वाटू देत नाही. म्हाताऱ्याच्या तोंडात पाण्याचे दोन थेंब कसे सोडायचे, कूस कशी बदलायची, हे ती त्याला शिकवून पाठवते.

सिकलसेलचा प्रश्न

पूर्व विदर्भातील आरोग्यसेवकांचे नीतिज्ञान तपासायचेच असेल तर त्यांच्यापुढे रोज येणारा प्रश्न विचारा. तो म्हणजे सिकलसेलचा. मध्य भारतात हा दोष आहे, हे १९५८ सालीच 'लॅन्सेट' या नियतकालिकात नोंदले गेले. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले आहे. गावोगाव बोटाला सुई टोचून रक्त तपासले जाते. वाहक असलेली व्यक्ती निरोगीच असते. पण दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक गर्भारपणी बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

शास्त्र इथे संपते आणि नीती सुरू होते. अठरा वर्षांच्या मुलीचा अहवाल आशाताईच्या वहीत आहे. मुलाकडची माणसे चहाच्या निमित्ताने आशाताईला विचारतात, 'मुलगी कशी आहे हो? तुम्हाला तर सगळे माहीत.' आशाताईचे एक वाक्य त्या मुलीचे लग्न मोडू शकते. आणि ती गप्प राहिली तर दोन वाहक एकत्र येऊ शकतात. तिने काय करावे? शहाणी आशाताई त्यांना म्हणते, 'मुलीचे राहू द्या, आधी तुमच्या मुलाची तपासणी करा. मग दोघे मिळून दवाखान्यात या.' या एका वाक्यात गोपनीयताही राखली गेली, सत्यही राखले गेले आणि मुलाचीही जबाबदारी आली. अशा उत्तराला गुण देणारा परीक्षक कुठे आहे?

याच्या पुढचा प्रश्न अधिक कठीण. गर्भातच सिकलसेलचे निदान आता होऊ शकते आणि कायद्याने गर्भपाताची मुदतही २०२१ साली वाढवली आहे. गर्भावस्थेतील तपासणीला ख्रिस्तसभा सरसकट विरोध करीत नाही. लवकर उपचार व्हावेत, आईबापांनी बाळाच्या स्वागताची तयारी करावी, म्हणून केलेली तपासणी योग्यच आहे, असे 'एव्हांजेलियुम विते' सांगते. विरोध आहे तो तपासणी हीच मृत्युदंडाची चौकशी होते तेव्हा. 'आजाराचे निर्मूलन' हे शब्द उच्चारताना आपण आजार निपटून काढतो आहोत की आजारी माणसाला, हे क्षणभर थांबून विचारायला नको काय? त्याच गावात हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या घेत शाळेत जाणारी, सांधे दुखू लागले की रात्रभर कण्हणारी आणि सकाळी पुन्हा दप्तर उचलणारी मुले आहेत. त्यांच्या कानांवर हे शब्द कसे पडत असतील?

परीक्षा कोणाची घ्यायची?

आणखी एक प्रसंग. कुहीला लागून असलेल्या भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. सतरा बाळांपैकी सात वाचली, दहा गेली. चौकशी झाली, काहींना निलंबित केले, काहींच्या नोकऱ्या गेल्या, पुढे परिचारिकांवर गुन्हाही दाखल झाला. हलगर्जीपणा झाला असेल तर त्याची शिक्षा व्हावी. त्या दहा मातांपुढे दुसरे काही बोलण्याची कोणाची हिंमत होणार नाही. पण आग विझवण्याची पुरेशी यंत्रणा त्या इमारतीत नसणे, हा कोणाच्या नीतीचा प्रश्न? फायलीवर सही न करणाऱ्याला, मंजुरी अडवणाऱ्याला कधी जैवनीतिशास्त्राची प्रश्नावली दिली गेली आहे काय? नीतीची परीक्षा नेहमी सर्वांत खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या बाईची घ्यायची आणि वरच्या पायऱ्या रिकाम्या आहेत असे समजायचे, ही रीत अन्यायाची आहे.

मग काय अज्ञानच बरे, असे कोणी मला विचारील. मुळीच नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सदसद्विवेकबुद्धीला माणसाचे अंतरतम मंदिर मानले आहे, जिथे तो परमेश्वराबरोबर एकटा असतो. पण मंदिरातही दिवा लावावा लागतो. नुसत्या भावनेवर सोडलेली सदसद्विवेकबुद्धी चुकू शकते, आंधळीही होऊ शकते. संमतीपत्र वाचून न दाखवता अंगठा घेणे चूक आहे, हे प्रेमळ परिचारिकेलाही शिकवावेच लागते. 'कर्करोग झाला आहे हे म्हाताऱ्याला सांगू नका' असा घरच्यांचा आग्रह कुठवर मानायचा, हेही शिकावे लागते. १९९३ सालापासून मुंबईत काही निष्ठावान डॉक्टरांनी वैद्यकीय नीतीला वाहिलेले नियतकालिक चालवले, २०१९ पासून वैद्यकीय अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा समावेश झाला. या गोष्टी स्वागतार्ह आहेत. माझे भांडण शिक्षणाशी नाही. शिक्षणाची फलश्रुती टक्केवारीत मोजून हात झटकणाऱ्यांशी आहे.

तपासायचेच असेल तर वेगळ्या रीतीने तपासा. व्याख्या विचारू नका, प्रसंग सांगा आणि 'तुम्ही काय कराल, का कराल?' असे विचारा. उत्तर मराठीत देऊ द्या. केवळ सेवकाला विचारू नका, रुग्णाला विचारा: तुला नावाने हाक मारली का? काय करणार ते आधी सांगितले का? पडदा ओढला होता का? ज्या परिचारिकेने चुकीच्या कामाला नकार दिला, तिची पुढे बदली झाली की बढती, याची नोंद ठेवा. रुग्णालयाच्या नीतीचे त्याहून खरे माप दुसरे नाही. एका परिचारिकेमागे किती खाटा आहेत हेही त्याच अहवालात छापा. साठ रुग्णांना एकटी सांभाळणारी मुलगी संमतीचा अर्थ समजावून सांगत नाही, याचे कारण नेहमी तिच्या अज्ञानात नसते.

आणि आपण?

शेवटी आपल्या घराकडे वळू. आरोग्यसेवकांच्या नीतीवर भाष्य करणे सोपे आहे. पण त्यांना अनीतीचा मोह घालणारे हात पुष्कळदा आपल्याच घरांतून पुढे होतात. सोनोग्राफीनंतर 'पेढे की बर्फी' असे हळूच विचारणारी माणसे मिस्साला येणारी असू शकतात. रजेसाठी खोटा दाखला मागणारे आपणच. ओळखीच्या सिस्टरला फोन करून शेजाऱ्याच्या अहवालात काय निघाले हे विचारणारेही आपणच. रांग मोडून आपल्या माणसाला आधी आत घ्यावे म्हणून तिला भिडेत पाडणारेही आपणच. ती नाही म्हणाली तर 'फार शहाणी झाली' असे म्हणतो. हो म्हणाली तर तिच्या विवेकाचा एक टवका आपण उडवलेला असतो.

आपल्या संस्थांनीही स्वतःला विचारावे. क्रूस टांगलेल्या दवाखान्यात बिलासाठी मृतदेह अडवला जात नाही ना? तिथल्या परिचारिकेला पोटापुरता पगार आणि झोपेपुरती रजा मिळते ना? सदसद्विवेकबुद्धीला अनुसरून नकार देणारी कॅथोलिक परिचारिका उद्या परक्या रुग्णालयातून नोकरी गमावून परत आली, तर तिच्यामागे उभे राहण्याची तयारी धर्मग्रामाने केली आहे काय? दर ११ फेब्रुवारीला आपण जागतिक रुग्णदिन पाळतो, रुग्णांना तैलाभ्यंग करतो. ते अवश्य करावे. त्याच दिवशी आपल्या धर्मग्रामातील परिचारिका, तंत्रज्ञ, आशाताई, मग त्या कोणत्याही धर्माच्या असोत, यांना एकत्र बोलवावे आणि प्रश्नावली न वाटता, 'या वर्षी तुमचा विवेक कुठे अडचणीत आला?' एवढेच विचारून ऐकत बसावे. त्यांना उपदेशाचे दोन तास नकोत. कोणीतरी ऐकणारे हवे आहे.

दाखल्यातला तो शोमरोनी प्रवासी आठवा. याजक आणि लेवी यांना नियमशास्त्र तोंडपाठ होते. प्रश्नावलीत ते नक्कीच पहिले आले असते. शोमरोन्याला पैकीच्या पैकी शून्य मिळाले असते. पण जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून त्या बांधल्या कोणी, उतारशाळेचे पैसे भरले कोणी, आणि 'अधिक खर्च झाला तर परत येताना देईन' असे म्हणाला कोण? प्रभू येशूने त्या शास्त्र्याला व्याख्या विचारली नाही. जखमी माणसाचा शेजारी कोण ठरला, एवढे विचारले, आणि उत्तर मिळाल्यावर गुण दिले नाहीत. 'जा, तूही तसेच कर,' असे सांगितले. आपल्या आरोग्यसेवकांची परीक्षा घेऊ इच्छिणाऱ्यांनी आधी हा परीक्षक पाहावा, आणि मग प्रश्न छापायला द्यावेत.